नियमात सुतक बसत नाही

सहलीचा बंगला ठरवताना रद्द करण्याचे नियम वाचणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. पूल आहे का, गीझर चालतो का, ड्रायव्हर झोपणार कुठे, बाहेरून मासे आणले तर करून देणार का, हे सगळं फोनवर दोन-दोनदा विचारून होतं. नियमांचं वाचन सुरू होतं ते जाणं रद्द झाल्यावर. मग मात्र ते एखाद्या पोथीसारखं होतं. चष्मा लावून, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून.

पोथीतला मजकूर जगभर साधारण एकच. एअरबीएनबीवर वर्षानुवर्षं चाललेला ‘स्ट्रिक्ट’ नियम घ्या. बुकिंग केल्यापासून ४८ तासांच्या आत मन बदललं आणि मुक्कामाला किमान १४ दिवस बाकी असले, तर सगळे पैसे परत. ७ दिवस आधीपर्यंत कळवलं तर निम्मे. त्यानंतर यजमानाला दया आली तरच. आपले अलिबाग-लोणावळ्याचे बंगलेवाले इतकं लिहीत नाहीत. ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकतात.

मोठ्या आपत्तीसाठी कंपन्यांनी पळवाट ठेवलेली असते. भूकंप, साथ, सरकारी प्रवासबंदी. पण त्या ठिकाणी त्या ऋतूत अपेक्षितच असलेलं हवामान एकट्याने आपत्तीत धरत नाहीत. म्हणजे जुलैत कोकणात पाऊस फार आहे, ही तक्रार चालायची नाही. आजारपणही बसत नाही. तरीही रिफंड मागणारी पत्रं वाचली की वाटतं, मराठीत कथा मागे पडली म्हणणाऱ्यांनी ही चाळावीत. ठणठणीत सासरे त्यात एकाएकी व्हेंटिलेटरवर जातात आणि पैसे जमा झाले की उठून चहा मागतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं कारण मात्र खरं होतं. डिसेंबरअखेरीला त्यांनी नागावला नारळी-पोफळीच्या वाडीतलं एक घर घेतलं होतं, अख्ख्या कुटुंबासाठी. आठवड्यावर मुक्काम आला आणि भावकीत कुणी गेलं. दहा दिवस सुतक. आता ‘सुतक’ कुठल्या रकान्यात भरायचं? ओळखीतल्या एका तरुण वकिलाने १८७२चा करार कायदा काढला. कलम ७४ म्हणतं, करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी तो सगळा आपोआप मिळत नाही. त्या आकड्याच्या आत, वाजवी असेल तेवढीच भरपाई. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानीशी अगदीच विजोड दंड ठोठावणाऱ्या कराराला सरळ अनुचित करार म्हटलंय. काका खूश झाले. मग वकिलाने पुढचं वाचलं. अनुचित कराराची तक्रार जिल्ह्यात नाही, राज्य आयोगाकडे न्यायची. दोन रात्रींच्या भाड्यासाठी राज्य आयोग म्हटल्यावर काकांनी वकिलाला चहा देऊन घरी पाठवलं.

मला विचाराल तर मालकाचीही बाजू आहे. ३१ डिसेंबरची रात्र एकदा रिकामी गेली की ती जानेवारीत विकता येत नाही. स्वयंपाकाला सांगितलेल्या मावशींना नको म्हणताना त्यालाच ओशाळं व्हायला होतं. २०२० साली कोविड आला तेव्हा एअरबीएनबीने सुरुवातीच्या काळातल्या बुकिंगचे पैसे प्रवाशांना पूर्ण परत दिले आणि जगभरचे यजमान खवळले. कंपनीला मग त्यांच्यासाठी २५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. तेही बुडालेल्या रकमेच्या पाव हिश्शाच्या हिशेबाने. थोडक्यात, परत दिलेला पैसा कुणाच्या तरी खिशातूनच जातो, आणि सहसा ज्याने नियम लिहिला त्याच्या नव्हे.

शेवटी काकांनी फोन उचलला. मालकाने कलम ऐकलं नाही, सुतक मात्र लगेच ऐकलं.

“भावकीतले का सोयऱ्यातले?”

“भावकीतले. चुलत चुलते.”

“मग तुमचा काय इलाज, काका. पण पैसे मी मावशीला न् माळ्याला देऊन बसलोय. असं करा, तुमच्या जागी कुणी आलं तर तुमचे सगळे परत. माझा शब्द.”

असा शब्द मिळाला तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावा, हा माझा फुकटचा सल्ला. काकांनी घेतला. त्या दिवसापासून मात्र काका बदलले. न पाहिलेल्या त्या वाडीचं वर्णन त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर असं काही केलं की लिफ्टमध्ये लोक अडवून विचारायला लागले. विहीर किती गोड पाण्याची, समुद्र कसा चार पावलांवर, मावशींच्या हाताला कसली चव! सुतकातला माणूस इतक्या उत्साहाने बोलतो हे काकूंना बरं वाटत नव्हतं, पण अ‍ॅडव्हान्स मोठा होता.

दोन कुटुंबं एकाच वेळी तयार झाली. मालकाने साहजिकच भाव वाढवला आणि जास्त देणाऱ्याला घर दिलं. काकांचे पैसे पूर्ण परत आले, वरचा फरक मालकाकडे राहिला. आभाराचा फोनही त्यानेच केला. म्हणाला, “काका, मे महिना अजून रिकामाच आहे. बघता का जरा?”