पडण्यापूर्वी वाचावे असे पत्र

उद्या पडणाऱ्या सायकलस्वारास,



आपण अजून पडलेला नाहीत, म्हणूनच हे पत्र आज लिहीत आहे. पडल्यावर सल्ल्याचा उपयोग नसतो, कारण आपल्याकडे भरपाई किती मिळणार हे हाड किती ठिकाणी मोडले यावर फारसे ठरत नाही. ते कशामुळे मोडले यावर ठरते. तेव्हा पडणे टळतच नसेल तर निदान विचार करून पडा. सर्वांत उत्तम म्हणजे एखाद्या चारचाकीने आपल्याला उडवावे. तिच्या नंबरप्लेटवरच्या आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘मामा’ वाचता येत नसावे, म्हणजे खरा नंबर वाचता येईल. विमा चालू असावा. देशात निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, त्यामुळे एवढी निवड आपल्याला करावीच लागेल. आणि चालकाने थांबावे. हे सगळे योग जुळून आले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली आपण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहू शकता, आणि तिथला कायदा निदान कागदावर उदार आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अपंगत्वाची डॉक्टरी टक्केवारी जशीच्या तशी न घेता त्याचा माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते पाहावे. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला कारकून यांचे नुकसान सारखे नाही. दूध घालणारा, रात्रपाळीचा वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा यांच्याकडे पगाराची स्लिप नसते हे खरे, पण त्यांचे उत्पन्न अंदाजाने धरण्याची सोय तिथे आहे.

चालक थांबला नाही, तर मात्र आपला भाव एकदम उतरतो. धडक तीच, वेदना त्याच, पण वाहन सापडले नाही म्हणून कलम 161 आणि 1 एप्रिल 2022 पासूनची योजना आपल्याला लागू होते: मृत्यू झाल्यास 2 लाख, गंभीर दुखापतीस 50 हजार. गंभीर म्हणजे काय, याची व्याख्या फौजदारी कायद्यातून उसनी आणलेली आहे. दात मोडला की आपण गंभीर. गुडघ्याच्या आतले काही फाटले, तर ठरावीक दिवस रोजचे काम जमले नाही हे आधी सिद्ध करा. शक्यतो दातांवर पडावे. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा असतो, आणि ही गोष्ट सरकारने इतकी गुप्त राखली आहे की संरक्षण खात्याने धडा घ्यावा. देशात वर्षाला पन्नास हजारांहून अधिक अपघातांत वाहन पळून जाते. 2022-23 मध्ये भरपाईसाठी अर्ज आले 205 आणि निकाली निघाले 95. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवले आणि पोलिसांनीच जखमींना या योजनेची माहिती द्यावी असे सांगितले.

पण खरा अविचार म्हणजे खड्ड्यात पडणे. खड्ड्याला नंबरप्लेट नसते, विमा नसतो, आणि कायद्याच्या लेखी आपली सायकल मोटार वाहन नाही. म्हणजे या अपघातात एकही मोटार वाहन नाही, आणि मोटार अपघाताचे न्यायाधिकरण आपल्याला दारातूनच परत पाठवते. उरते दिवाणी न्यायालय. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 527 नुसार आधी महापालिकेला एक महिन्याची नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. बाकीच्या महापालिकांच्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. पाय प्लास्टरमध्ये असताना हे सगळे करायचे, कोर्ट फी वेगळी. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आणले, त्यात सदोष रस्त्यासाठी अधिकारी, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड आहे. तो जातो सरकारी निधीत. आपल्याला मिळते ते समाधान, तेही दंड झाला तर.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ही कोंडी काही अंशी फोडली. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख, जखमीस दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम पुढे जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्याच न्यायालयाने 2015 मध्येच म्हटले होते. त्या हक्काला किंमत लागायला दहा वर्षे गेली. रक्कम ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्त आहेत. ज्याचा खड्डा तोच पंच, ही रचना कुणाला खटकली तर तो आपला संशयी स्वभाव समजावा; शेजारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसवले आहेत, एवढा दिलासा पुरे.

यावर सुज्ञ नागरिक म्हणतील की हा पैसा शेवटी करदात्याचाच. बरोबर आहे. पण आज खड्ड्याचा खर्च कुणी भरत नाही असे थोडेच आहे? तो जखमी माणूस भरतो, रुग्णालयाच्या बिलातून आणि बुडालेल्या रोजातून, आणि तोही करदाताच असतो. फरक एवढाच की तो एकटा भरतो, म्हणून ठेकेदाराला पुढचे काम देताना कुणालाच त्याची आठवण होत नाही. रस्ता टिकवणे अशक्य आहे म्हणावे, तर पुण्याचा जंगली महाराज रस्ता आडवा येतो. 1970च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षे टिकला. असे काम करून देणाऱ्याला पुन्हा कधी बोलावले गेले नाही, असे पुणेकर अजून सांगतात. बिघडल्यावर स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करायची म्हटली की डांबराचे मिश्रण सुधारते, यात अभियांत्रिकीपेक्षा हिशेब जास्त आहे.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. खोटे दावे होतात, नाकारण्यात अर्थ नाही; मोटार अपघातांत नसलेले वाहन उभे करण्याचे प्रकार न्यायालयांनीच उघड केले आहेत. पण लबाडाला सोयीचे असते ते विमा असलेले वाहन. खड्ड्यासाठी पाच पुरावे मागणारी समिती त्याला कशाला हवी? आणि पुरावा नष्ट करण्याची तत्परता या प्रकरणात दुसऱ्याच बाजूकडे असते. वर्षभर तक्रारी घेऊनही न बुजलेला खड्डा कुणी त्यात पडल्यावर रातोरात बुजतो.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: चूक सायकलवाल्याचीच. हेल्मेट नव्हते, दिवा नव्हता, मध्येच आला. कलम 129 मधली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे, सायकलस्वारांना नाही, तरी उलटतपासणीत हेल्मेट हमखास निघते. दिवा नसणे ही चूक आहे आणि त्यापुरती भरपाई कापली जावी, यात अन्याय नाही. पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांच्या धडकेत प्रौढ सायकलस्वाराची चूक असली तरी निदान निम्मे नुकसान सहसा मोटारवाला सोसतो आणि 14 वर्षांखालील मुलाचे पूर्ण, कारण टनभर लोखंड आणणाऱ्याने धोकाही आणलेला असतो. आपल्याकडे उलट सायकलस्वारानेच आपण रस्त्यावर का होतो याचा खुलासा द्यायचा.

तेव्हा आपण पडणार असाल, तर एवढे करा. शुद्ध हरपली नसेल तर खड्ड्याचा फोटो काढा, मागची पाटी किंवा दुकान दिसेल असा. पोलिसांकडून पंचनामा करून घ्या, ‘एनसी घेतो’ म्हणाले तर ऐकू नका. रुग्णालयातून जखमेचा दाखला घ्या, औषधांची बिले फेकू नका. वाहनाची धडक असेल तर न्यायाधिकरणाची मुदत सहा महिने आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला असला, तरी त्यावर विसंबू नका. खड्डा असेल तर महापालिका आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज आल्याशिवाय कुणाच्या पगारातून काही वसूल होणार नाही.

कळावे,
आपला हितचिंतक