गुपचूप तपासणी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लैंगिक आजाराची तपासणी करायची तर आधी गाव ठरवा. स्वतःचे बाद, कारण लॅबमध्ये रक्त काढणारा पोरगा चुलतभावाच्या वर्गातला असतो. तालुका बाद, तिथे मामा आहेत. जिल्ह्याला जावे. स्टँडवर उतरताच शेजारचे काका भेटतात. ‘कलेक्टर कचेरीत काम आहे’ असे त्यांना सांगू नये. त्यांचेही तिथेच असते आणि ते सोबत येतात.

तोंडाला रुमाल बांधावा. उन्हाळ्यात खपते. भर पावसात लोक वळून बघतात.

लॅबमध्ये खोटे नाव द्या. मग ते पुकारले की आपण उठत नाही. काउंटरवरची मुलगी दर खेपेला आवाज चढवते आणि शेवटी सिफिलिसच्या तपासणीचेच नाव घेऊन विचारते, ‘व्हीडीआरएलवाले कोण आहेत?’ एवढे करून मोबाइल नंबर खरा द्यावाच लागतो, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. घरात फोन एकच असेल तर तो आधी आई वाचते.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तपासणीच न करणे. मेडिकलवाल्याकडून ‘मित्रासाठी’ गोळ्या आणाव्यात, किंवा लॉजवर महिन्यातून एकदा येणारे, भिंतीवर जाहिरात रंगवलेले वैद्य गाठावेत. सिफिलिस असेल तर हा मार्ग यशस्वी झाल्यासारखा हमखास वाटतो. त्याची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाशिवायही भरून येते. आजार मात्र आत चालूच राहतो, जोडीदारालाही होतो. वेळेत कळला असता तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर भागणारे दुखणे होते.

ज्यांना एवढी दगदग झेपणार नाही, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात आयसीटीसी नावाची खोली असते. एचआयव्हीची तपासणी तिथे फुकट होते. समुपदेशक आधी एकट्याशी बोलतो, संमती घेतो, निकालही एकट्यालाच सांगतो. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी सरकारी सुरक्षा क्लिनिक आहे. बाहेरच्या बाकावर बसलेले लोकांना दिसते, हे खरे. ती भीती खोटी नाही, आणि बाक आत हलवायला खर्च येत नाही. २०१७च्या कायद्याने संमतीशिवाय कोणाचा एचआयव्हीचा निकाल फोडायला बंदी केली. हा कायदा फक्त एचआयव्हीपुरता आहे. सिफिलिस, गनोरियाची गुप्तता मुख्यतः डॉक्टरांच्या व्यावसायिक नीतीवर सोडलेली आहे, म्हणून रिपोर्ट कोणाच्या हातात आणि कोणत्या नंबरवर द्यायचा, हे रक्त देण्याआधीच लॅबला स्पष्ट सांगावे. असे सांगायला लाजू नये.

आणि घरात वहिनी काय म्हणेल म्हणून बिचकू नका. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बघतात. तिने रांगेत उभे राहून, तोंड न झाकता ही तपासणी केलेली असण्याचीच शक्यता जास्त.

तरीही पाय निघत नसेल तर आधी १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि काका तिथे नसतात.