ऑरोराची सोयरीक

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगबाईंची ‘ऑरोरा ली’ ही 1856 सालची कादंबरी अथपासून इतिपर्यंत पद्यात आहे. नऊ सर्ग, सुमारे अकरा हजार ओळी. आदिलाबादच्या उन्हाळ्यात एवढी कविता वाचणारा एकतर परीक्षेला बसलेला असतो किंवा त्याच्या घरी कूलर नवा असतो. आमचा कूलर नवा होता.

ऑरोराची आई इटलीची, बाप इंग्रज. दोघंही लवकर जातात आणि पोर इंग्लंडात आत्याच्या पदरात पडते. आत्या वळण लावते : थोडं फ्रेंच, भरतकाम, मेणाची फुलं आणि मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणं. आमच्या आत्याबाईंना यातलं काहीच खटकलं नाही. पोरीचा हात रिकामा नसला म्हणजे झालं.

पोरगी मात्र माळ्यावरची बापाची पुस्तकं उपसून कवी व्हायचं ठरवते. विसाव्या वाढदिवशी सकाळीच बागेत जाऊन वेलीच्या पानांचा मुकुट आपल्याच हातानं डोक्यावर चढवते. नेमका तेव्हाच भावकीतला रॉमनी येतो. त्याला त्या मुंडावळ्या वाटल्या की काय कोण जाणे, तिथल्या तिथे मागणीच घालतो. वर ऐकवतो की बायकांच्या हातून थोर कविता होत नाही, त्यापेक्षा माझ्या समाजकार्याला हातभार लाव. (सावित्रीबाई फुल्यांचं ‘काव्यफुले’ 1854 मध्येच छापून झालं होतं, पण रॉमनीपर्यंत ते कोण पोचवणार?) ऑरोरा साफ नाही म्हणते.

इथे आमच्या ओसरीवर सभा भरली.

“काहून नाही म्हणते ते पोट्टी? सारं वावर त्याच्याच नावानं हाय न!” आत्याबाईंचा मुद्दा बिनतोड. परदेशी बाईच्या पोटच्या लेकराला इस्टेट मिळू नये, असं कलम ली घराण्याच्या कागदातच होतं.

शेजारच्या अक्का घरी तेलुगू बोलतात, पण सोयरिकीचा विषय निघाला की भाषा आड येत नाही. “मेनबावा आहे का?” म्हणजे आत्याचा नाहीतर मामाचा मुलगा. असता तर त्याचा हक्कच. मी म्हटलं, नाही, बापाकडचा. तोही ली, हीही ली.

“इंटिपेरु एकच? अम्मो! मग कसं जमंल?”

आडनाव एक म्हटल्यावर आत्याबाईंनीही वावराचा नाद सोडला. ऑरोराला एवढा एकमुखी पाठिंबा लंडनमध्येही मिळाला नसेल. तिच्या कवितेचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे रॉमनीचा वाडा जळतो, डोळे जातात आणि मग कुठे त्याला तिच्या कवितेची थोरवी दिसते. ‘जेन एअर’मध्येही हेच. त्या काळी इंग्रज नायकाला अक्कल यायची तर आधी घराला आग लागावी लागे.

थट्टा सोडा, पण पाचवा सर्ग मुळीच चुकवू नका. कवीनं जुने सरदारदरकदार सोडून आपल्याच काळावर महाकाव्य लिहावं, असं ऑरोरा तिथे ठणकावते. मला पटलं. आमच्या कापूस यार्डात ओलावा बारा टक्क्यांवर गेला की हमीभाव हुकतो. त्या एका काट्याकडे लागलेल्या नजरांवर सर्ग सहज निघेल.

आणि शेवटचा सर्ग मेरियनसाठी वाचा. या गरीब, पोळलेल्या मुलीला रॉमनी लग्नाचा शब्द देतो आणि तीही त्याला नकार देते. तिचं आडनाव अर्ल. इंटिपेरुची काहीच अडचण नव्हती.