अ‍ॅव्हरेज विचारू नये

सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन 1994 मध्ये आलेली टाटा सुमो 2019 मध्ये बंद झाली. धानोऱ्यातल्या म्हाताऱ्या सुमोंना हे अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. अ‍ॅव्हरेज विचारलं, की मालक छातीठोकपणे चौदा सांगतो. पाचवा गिअर टाकला की उडतो, म्हणून गडचिरोलीपर्यंत गाडी चौथ्यातच किंचाळत जाते. इंजिन जास्त फिरलं की डिझेल जास्त पितं, हे त्या चौदात धरायचं नसतं. क्लच प्लेट घसरते ती वेगळीच. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकीत किती उरलंय, ते ड्रायव्हर गाडी हलवून, कान लावून सांगतो. मुरुमगावकडे निघताना मात्र मागे पाच लिटरची कॅन असते. कशाला? ‘असू द्या जी, रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली तर!’