नास्तिकांनी एकदा माहूरला यावे

पुण्या-मुंबईच्या थंडगार सभागृहांत आस्तिक-नास्तिकांची जुंपली की एक मुद्दा हमखास येतो. रिचर्ड डॉकिन्स यांच्या २००६ सालच्या ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये तो आहेच. झ्यूस आणि थॉर यांना तुम्हीही मानत नाही. आम्ही फक्त आणखी एक देव वजा केला. टाळ्या पडतात. हा मुद्दा घेऊन वक्त्याने एकदा नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला यावे.

इथे देव वजा करणारी मंडळी तेराव्या शतकापासून मुक्कामाला आहेत. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, दत्तात्रेय प्रभूंचे हे स्थान, म्हणून महानुभावांची देवदेवेश्वर मंदिराला रीघ. त्यांच्या हिशेबात देवता मोजून ८१ कोटी सव्वा लाख दहा. (ते शेवटचे दहा ज्याने मोजले, त्याला जनगणनेच्या कामावर घ्यावे.) या साऱ्या देवता आहेत, हे त्यांना मंजूर, पण मोक्ष देण्याची त्यांची ऐपत नाही, सबब भक्ती बंद. बिचारा नास्तिक तेहतीस कोटींतच दमतो. शिवाय ‘तू नाहीसच’ म्हटलेले देव मनावर घेत नसेल. ‘आहेस, पण तुझ्याच्याने काही व्हायचं नाही’ हे किती झोंबते, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही आमदाराला विचारा.

आता आस्तिकांकडे वळू. ‘शंका घेऊ नये’ असे धापा टाकत सांगणारे काका पायऱ्या चढून रेणुकामातेपुढे उभे राहतात, तेव्हा समोर असतो तांदळा, म्हणजे नुसते मुख. असे का? आई रेणुका जमिनीतून प्रकट होईल, मागे वळून पाहू नकोस, असे आकाशवाणीने परशुरामाला बजावले होते. त्याने पाहिले. विष्णूच्या सहाव्या अवताराला आकाशवाणीचा भरवसा वाटेना, खातरजमा करावीशी वाटली! आज कुणी असे केले असते तर भावना दुखावल्याची तक्रार तिन्हीसांजेच्या आत दाखल झाली असती.

याच जिल्ह्यात, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात, नरहर कुरुंदकर प्राचार्य होते. उघड नास्तिक, पण मनुस्मृती असो की नाट्यशास्त्र, आधी वाचून मग बोलणारे. १९८२ साली ते गेले. आताचा आस्तिक पोथी सोडत नाही आणि नास्तिक डॉकिन्स निम्म्यावर सोडतो. दोघांची भेट होते ती तीस सेकंदांच्या रीलमध्ये. तिथे मनू आणि भरतमुनी मावत नाहीत, शिव्या मात्र ऐसपैस मावतात.

असे एक नास्तिक परवा सहकुटुंब गडावर दिसले. ओटीची पिशवी त्यांच्याच हातात. श्रद्धा नव्हे, हमाली. उतरताना मात्र त्यांनी खलबत्त्यात कुटलेला तांबूल स्वतःहून मागून घेतला. ‘प्रसाद म्हणून नाही हं,’ ते घाईने म्हणाले, ‘पचनाला उत्तम.’

शेजारच्या काकांनी विचारले, ‘कशावरून?’

‘अहो, आमची आजी सांगायची!’