वेल्डर देता का वेल्डर?

फ्रान्सला आपल्या अणुविजेचा भारी तोरा. २०२२ मध्ये ५६ अणुभट्ट्या होत्या, म्हणजे जगाला शिकवण्या घ्याव्यात इतक्या. त्याच फ्रान्सवर त्याच वर्षी अमेरिका-कॅनडातून शंभरेक वेल्डर, पाइपफिटर मागवायची पाळी आली. तेही कुणाकडून? वेस्टिंगहाउसकडून. प्रतिस्पर्ध्याकडून!

झालं असं, की २०२१ च्या अखेरीस सिव्हो इथल्या भट्टीत, आणीबाणीला गाभ्यात पाणी सोडणाऱ्या नळांना वेल्डिंगच्या सांध्याजवळ तडे सापडले. काही मिलिमीटरचेच, पण तिथे मिलिमीटरवरच सगळं अडतं. मग शोधाशोध झाली, आणखी तडे निघाले. नेहमीचे शटडाऊन होतेच. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस ५६ पैकी ३२ भट्ट्या बंद. एरवी शेजाऱ्यांना वीज विकणारा देश त्या वर्षी गिऱ्हाईक झाला.

नळ बदलणं म्हणजे गेटाला बिजागरी मारणं नव्हे. अडचणीची जागा, जाड स्टेनलेस स्टील; आधी नकली नळावर सराव, मग खरा सांधा, मग त्याची तपासणी. शिवाय किरणोत्साराचा हिशेब. बारा महिन्यांत २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा. ती भरली की हात कितीही सोन्याचा असो, बाहेर बसायचं. वेल्डर उसना आणता येतो. त्याने घेतलेला डोस मालकाच्या नावावर चढवता येत नाही.

उसनवारी या धंद्याला नवी नाही. देखभालीचं बहुतेक काम कंत्राटदारांची माणसं करतात. कॅरॅव्हॅन घेऊन एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर, लग्नसराईतल्या आचाऱ्यासारखी. सगळ्यांनी एकच मुहूर्त धरला की बोंब.

आणि टंचाई काय आभाळातून पडली? २०१५ मध्ये कायदा केला, अणुविजेचा वाटा ५० टक्क्यांवर आणायचा. २०२० मध्ये फेसेनहाइमच्या दोन्ही भट्ट्यांना टाळं, आणखी बारा रांगेत. ज्या धंद्याच्या तेराव्याचं सरकारनेच बघायला घेतलंय, तो शिकायला कोण आपलं पोरगं पाठवेल? फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र सहा नव्या भट्ट्यांची घोषणा. टाळं लागलं तेव्हा आणि घोषणा झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष एकच: माक्राँ.

ऑगस्टमध्ये ईडीएफ या सरकारी वीज कंपनीचे प्रमुख जाँ-बेर्नार लेव्ही जाहीरपणे बोलले, की तुम्हीच बंद करायच्या तयारीला लागा म्हणालात, मग आम्ही माणसं कशाला तयार करू? माक्राँ भडकले. लेव्हींना नारळ मिळणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून जीभ सैल सुटली असावी.

आता शेरबुर्गजवळ वेल्डिंगची शाळा निघालीये. काढणारे चौघे: ईडीएफ, अणुइंधनवाली ओरानो, पाणबुड्या बांधणारी नेव्हल ग्रुप आणि एक जहाजकारखाना. एकाच वेल्डरवर डोळा असलेले चौघे! शाळा ठीक, पण मुरलेला हात शाळेच्या दाखल्यावर मिळत नाही.

याच ईडीएफने एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे तडे सापडायच्या काही महिने आधी, आपल्या जैतापूरसाठी सहा भट्ट्यांचा प्रस्ताव दिला. ९,९०० मेगावॉट. आराखडे आणि यंत्रसामग्री त्यांची. बांधकामाची जबाबदारी मात्र घेणार नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. म्हणजे सांधे जोडायची माणसं आपल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननेच शोधायची आहेत.