चळवळीचा खजिनदार

कलेच्या इतिहासाची पुस्तकं जाडजूड असतात. त्यांत चित्रकार असतात, समीक्षक असतात, चित्रकारांच्या प्रेयसी तर पानोपानी असतात. खजिनदार मात्र शोधून सापडत नाही. हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. चार तरुण चित्रकार एकत्र येतात, पुढे जग त्याला चळवळ म्हणतं. पण एकत्र आल्यावर पहिली गोष्ट ठरते ती वर्गणी.

1874 सालचं पॅरिस घ्या. सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांना कंटाळून मोने, रेनुआर, देगा, पिसारो वगैरे मंडळींनी रीतसर संस्था काढली. वर्षाची वर्गणी 60 फ्रँक. नादार नावाच्या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ घेतला आणि 15 एप्रिलला प्रदर्शन उघडलं. तिकीट एक फ्रँक. मोनेच्या 'इंप्रेशन, सनराइज' या चित्रावरून लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं सगळ्यांची टर उडवली आणि त्यातून 'इंप्रेशनिस्ट' हे नाव चिकटलं. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. डिसेंबरातली सभा कोणी सांगत नाही. रेनुआर अध्यक्षस्थानी होता. हिशेब मांडला तेव्हा निघालं, की प्रत्येक सभासद संस्थेचं 184 फ्रँक 50 सांतिम देणं लागतो. मंडळींनी संस्था गुंडाळली. ते वरचे पन्नास सांतिमसुद्धा न सोडणारा जो कोणी असेल, तो मला मोनेपेक्षा जवळचा वाटतो.

यंदा या जातीचा एक माणूस मला जवळून पाहायला मिळाला. माझी भाची विद्यापीठात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या पंधरा जणांनी मिळून पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात समूह प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पुण्याच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. गणपती मंडळात पावतीपुस्तक घेऊन जिने चढलेली ही पिढी. अध्यक्ष कामाचा नसतो आणि खजिनदार चिक्कू असावा लागतो, हे त्यांना दहाव्या वर्षीच कळलेलं असतं. त्यांनी वर्गातला सर्वांत अबोल मुलगा खजिनदार केला. तो पेन्सिलीनं काम करी, कारण रंग महाग पडतात.

समूहाला नाव काय द्यायचं यावर इतकी भांडणं झाली, की तेवढ्या वेळात पॅरिसवाल्यांनी दुसरं प्रदर्शन भरवलं असतं. शेवटी खजिनदारानं प्रेसवाला अक्षरांवर पैसे घेतो अशी थाप मारली आणि पत्रिकेवर नुसतं 'समूह प्रदर्शन' छापलं गेलं.

इकडे आमच्या ताईला वेगळीच काळजी. मुलीच्या शिक्षणाचं पुढे काय? मी तिला धीर द्यायला 1947 सालच्या मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची गोष्ट सांगितली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे अशी सहा पोरं. खिशात दमडी नाही, पण एकत्र आली आणि भारतीय चित्रकलेचं वळण बदललं.

"त्यातल्या सूझाला तर जे. जे.मधून काढून टाकलं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे हिलाही काढणारेत?"

"अगं नाही. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. आरा लोकांच्या गाड्या धुवायचे."

"मग आपली गाडी आठ दिवस धुळीत आहे, तिला सांग की," ताई म्हणाली. कलेच्या इतिहासातून संसाराला उपयोगी असं काही ना काही ती नेमकं उचलते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी टांगाटांगीला गेलो होतो. चित्र काढणं ही कला असेल, पण चित्र टांगणं हे गवंडीकाम आहे. हातोडी, हूक, नायलॉनची दोरी, आणि कोणाच्या तरी काकांची पाणसळ. दारासमोरची भिंत सगळ्यांना हवी, आग विझवायच्या नळकांड्याशेजारची कोणालाच नको. खजिनदारानं चिठ्ठ्या टाकल्या. नळकांडं त्याच्याच वाट्याला आलं. "लोक घाबरून तरी इकडे बघतील," एवढंच तो म्हणाला.

एका मुलीचा मोठा कॅन्व्हास होता. वरून खालपर्यंत करडा, आणि खाली आणखी थोडा करडा. नाव 'अनाम 3'. तो उलटा लागला आहे की सुलटा, यावर दोन मतं पडली. ती मुलगी चहा आणायला गेलेली. मी म्हणालो, घाबरू नका, 1961 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं होडीचं चित्र 47 दिवस उलटं लटकत होतं. होडी वर की तिचं प्रतिबिंब वर, हे तिथल्या तज्ज्ञांना कळलं नाही. प्रदर्शन बघायला आलेल्या एका बाईंना कळलं. हे ऐकून पोरं शांत होण्याऐवजी आपापल्या चित्रांकडे संशयानं बघायला लागली. चहावाली परतल्यावर तिनं मागच्या बाजूला खडूनं काढलेला बाण दाखवला. कॅन्व्हास सुलटाच होता. तिनं थोडं लांबून पाहिलं आणि उलटा करून लावला. "असं बरं वाटतंय," म्हणाली.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे हवेतच. 1988 साली लंडनमध्ये डेमियन हर्स्ट नावाच्या विद्यार्थ्यानं गोदीतल्या एका रिकाम्या इमारतीत आपलं आणि सोबत्यांचं 'फ्रीझ' नावाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा रॉयल अकॅडमीच्या नॉर्मन रोझेन्थाल यांना तो स्वतः जाऊन घेऊन आला. मोठ्या माणसाला पत्रिका पोचवून भागत नाही, माणूस पोचवावा लागतो. ही गोष्ट मी खजिनदाराला सांगितली. त्यानं विचारलं, "जायचा-यायचा खर्च कोणाच्या खात्यात टाकला?" आमचे पाहुणे रिक्षानं आणले. 'मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही' असं म्हणून ते सुरू झाले आणि रिक्षाचं वेटिंग वाढत गेलं. खजिनदार भाषणभर घड्याळाकडे बघत होता. इतकं एकाग्र होऊन ऐकणारा श्रोता आपल्याला कित्येक वर्षांत भेटला नव्हता, असं पाहुणे जाताना म्हणाले.

बालगंधर्वला प्रदर्शन भरवण्याचा मोठा फायदा म्हणजे नाटकाची तिकिटं काढायला आलेला माणूस सहज आत डोकावतो. तोटाही हाच, कारण तो पुण्याचा असतो. अभिप्राय वहीजवळ मला बसवलं होतं. 'स्तुत्य उपक्रम' आणि 'असेच पुढे जा' हे नातेवाइकांचे. बाकीचे वाचण्यासारखे. 'चित्रे बरी. नावाच्या पाट्यांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत.' 'पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. चित्रात 91 भरल्या. कलाकाराने एकदा चढून यावे.' एकानं रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं जास्तीची असल्याचं लिहून फोन नंबर दिला होता. वहीत सर्वांत जास्त लोकांनी वाचलेला मजकूर तोच.

दाराशी एका मुलाचं इन्स्टॉलेशन होतं. तीसेक जुन्या चपला एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या. शीर्षक 'स्थलांतर'. दाराशी चपला दिसल्यावर मराठी माणूस काय करतो? तो आपल्याही काढतो. दुपारपर्यंत स्थलांतरितांची संख्या दुप्पट झाली आणि प्रेक्षक दालनात अनवाणी, हात मागे बांधून, देवळात फिरावं तसे फिरू लागले. चित्रांना एवढा मान कलासमीक्षकांनी कधी दिला नसेल. तो मुलगा हरखून फोटो काढत होता. संध्याकाळी एक आजोबा 'स्थलांतर'मधलाच एक जोड घालून निघून गेले, आणि त्यांचा स्वतःचा, त्याहून बरा, मागे राहिला. कलाकृतीचा दर्जा वाढला, असं सगळ्यांचं मत पडलं.

ही कसली कला, असं ताईनं विचारलं तेव्हा मी द्युशांची गोष्ट काढली. 1917, न्यूयॉर्क. सहा डॉलर भरेल त्याची कलाकृती मांडायची, परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, असा तिथल्या संस्थेचा नियम. मार्सेल द्युशां स्वतः संचालक मंडळावर. त्यानं 'आर. मट' अशा खोट्या नावानं चिनी मातीचं मुतारीचं भांडं पाठवलं आणि त्याला 'फाउंटन' म्हटलं. मंडळानं ते मांडायला नकार दिला. द्युशांनं राजीनामा दिला. कला म्हणजे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मागे उभा राहून ऐकणारा खजिनदार म्हणाला, "वाद कसला? वर्गणी घेतली होती ना? मग मांडायलाच पाहिजे." शंभर वर्षांत एवढं स्वच्छ विवेचन माझ्या तरी वाचनात नाही.

आता विक्रीचं सांगतो. चित्र विकलं गेलं की पाटीवर लाल ठिपका लावायचा, ही जगभरची पद्धत. खजिनदारानं लाल स्टिकरचा एक कागद आणून कुलपात ठेवला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर 'अनाम 3'च्या पाटीवर लाल ठिपका. क्षणात बातमी पसरली. कोणी घेतलं? कितीला? जे लोक त्या करड्या कॅन्व्हासकडे पाठ करून पंख्याखाली उभे राहत, ते आता त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. एकाला त्यात पाऊस दिसला. एकाला पानशेतचा पूर दिसला. ताईनं भाचीला कोपरानं ढोसून "तू का नाही असं काही काढत?" म्हणून विचारलं.

खजिनदार तेवढा शांत होता. त्यानं कुलूप उघडून स्टिकर मोजले. एकही कमी नव्हता. मग त्यानं पाटीजवळ जाऊन ठिपक्यावर नख फिरवलं. ठिपका मखमली होता.

उलगडा लगेच झाला. एका विद्यार्थिनीची आजी एप्रिलच्या उन्हातून चालत आली होती. घामानं टिकली सुटायला लागली, तेव्हा त्यांनी ती काढून समोर दिसेल तिथे चिकटवली. घरी आरशाला लावतात, इथे आरसा नव्हता.

खजिनदार टिकली काढणार तोच एक डॉक्टर आले. "हे गेलं का हो?"

"नाही. आहे अजून," तो म्हणाला. तो खोटं फक्त प्रेसच्या बाबतीत बोलतो.

"वा! ठिपका लावून ठेवलाय आणि आहे म्हणता? भाव वाढवताय?" डॉक्टर बायकोकडे वळले. "मी सांगितलं नव्हतं, सकाळीच यायला हवं होतं?" खजिनदारानं टिकली बोटावर घेऊन दाखवली, खुलासा केला, आजींनाही समोर उभं केलं. डॉक्टरांचा विश्वास बसेना. असंच निळ्यात मिळेल का, सोफा निळा आहे, एवढं विचारून, नाही म्हटल्यावर त्यांनी तेच घेतलं. आठ हजारांना, पूर्ण भावात. त्यातले दहा टक्के ठरल्याप्रमाणे समूहाच्या खात्यात गेले.

शेवटच्या दिवशी हिशेब झाला. पॅरिसपेक्षा निकाल बरा. तूट होती, पण माणशी एका चहाएवढी. पुढच्या वर्षी पुन्हा भरवायचं, वर्गणी तीच ठेवायची, असं एकमतानं ठरलं. एवढ्यात आजी परत आल्या. हातात टिकल्यांचं अख्खं पाकीट. त्यांनी पहिल्या चित्रापासून सुरुवात केली आणि एकेका पाटीवर टिकली लावत निघाल्या.

"आजी, अहो काय करताय?" भाचीनं विचारलं.

"एकाच पोरीला का म्हणून?" आजी म्हणाल्या. "वर्गणी सगळ्यांनी भरलीय ना?"

त्यांना थांबवायला कोणी पुढे झालं नाही. खजिनदारानं वही पुन्हा उघडली, पेन्सिल काढली आणि विचारलं, "आजी, पाकीट कितीला पडलं? बिल आहे का?"